स्टेपलर मिटल्यावरचे दोन शब्द

सहादेव अण्णांनी हॉस्पिटलसाठी घेतलेली एकही वस्तू अशी नव्हती, जी आधी त्यांनी स्वतःवर वापरून बघितली नाही. कॉटा आल्या तेव्हा अण्णा प्रत्येक कॉटेवर पाच-पाच मिनिटं उताणे झोपले. चाकाची खुर्ची आली तेव्हा तीत बसून आवारात दोन फेऱ्या मारल्या आणि डावं चाक करकरतं म्हणून परत पाठवली. अँब्युलन्स घ्यायची होती तेव्हा स्ट्रेचरवर आडवे झाले, अंगावर पांढरी चादर ओढून घेतली आणि गाडी सायरन वाजवत बेलापूरच्या बाजारातून न्यायला लावली. अण्णा गेले अशी बातमी होऊन त्या दिवशी दोन दुकानं बंद झाली, पण गाडी दणके देत नाही हे पक्कं समजलं. बेडपॅन कसे पारखले ते कुणी विचारलं नाही आणि अण्णांनीही सांगितलं नाही.

म्हणून १९९८ च्या डिसेंबरात खरेदी समितीच्या कागदावर 'स्वादुपिंडाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी स्टेपलर' असा विषय आला, तेव्हा ऑपरेशन थिएटरच्या इनचार्ज प्रज्ञा सिस्टरनं तो कागद दोनदा वाचला. आता हे अण्णा कुठं लावून बघणार, या काळजीनं तिला सकाळचा डबा गेला नाही.

हॉस्पिटल ट्रस्टचं, साठ कॉटांचं, श्रीरामपूरहून बेलापूरकडे जाताना उसाच्या मळ्यांत उभं. अण्णा ट्रस्टचे अध्यक्ष. आणि हे ऑपरेशन व्हायचं होतं छबूबाईचं.

छबूबाई थिएटरची आया. हॉस्पिटल उघडलं त्या दिवसापासून, म्हणजे बावीस वर्षं, अवजारं धुणं, फरशी पुसणं, कपडे ऑटोक्लेव्हच्या वाफेला लावणं ही तिची कामं. शिवाय हॉस्पिटलात जो काही सत्कार होईल त्याचा चहा. प्रज्ञा कोपरगावहून नर्सिंग करून एकोणिसाव्या वर्षी इथं आली, तेव्हा पहिल्याच ऑपरेशनला तिला भोवळ आली होती. छबूबाईनं तिला मागून काखेत हात घालून उभं धरलं, ऑपरेशन संपेपर्यंत तसंच धरलं आणि बाहेर आल्यावर कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. ही गोष्ट दोघींनी पुन्हा कधी बोलून दाखवली नाही. पण प्रज्ञाची आई गेली तेव्हा ती रडायला छबूबाईकडेच गेली होती.

ऑक्टोबरात छबूबाईचं पोट दुखायला लागलं. नगरला स्कॅन झाला आणि स्वादुपिंडाच्या शेपटाकडच्या बाजूला लिंबाएवढी गाठ निघाली. आज साधी आहे, ठेवली तर उद्या कॅन्सर होईल, असं डॉक्टर औटी म्हणाले.

डॉक्टर नितीन औटी म्हणजे हॉस्पिटलचे सर्जन. हात सोन्याचा, आणि पायाला भिंगरी. पित्ताशय बावीस मिनिटांत काढायचे आणि एकविसाव्या मिनिटाला पुढच्या पेशंटचं नाव विचारायचे. या माणसाला थांबणं म्हणून ठाऊक नव्हतं. चहासुद्धा उकळता पीत, कारण निवेपर्यंत कोण बसणार? मुंबईच्या परिषदेत त्यांनी या ऑपरेशनची फिल्म बघितली होती. पोटाला चार भोकं, आत दुर्बीण, आणि लांब मानेच्या स्टेपलरनं स्वादुपिंडाचं शेपूट पिना मारून कापून टाकायचं. हे इथं करायचं की पुण्याला पाठवायचं, एवढाच प्रश्न होता. तो छबूबाईनं सोडवला.

"बावीस वर्सं हितलं टेबल पुसलंय. झोपायचंच आसंल तर त्याच्यावरच झोपंन. पुन्याचं टेबल कोन पुसतंय, मला काय म्हाईत?"

झालं.

पण स्वादुपिंड म्हणजे नाठाळ अवयव. ताज्या खरवसासारखा मऊ. धरला की फाटतो. आणि त्यातून जो रस येतो तो अन्न पचवणारा. कापलेल्या जागेतून तो पोटात गळायला लागला की माणसाचं स्वतःचंच मांस पचवायला लागतो. दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरखाली सापडलेला एक पेशंट आला होता. स्वादुपिंड फाटलेलं, ऑपरेशन झालं, टाके घातले, आणि रस गळत राहिला. एकोणतीस दिवस गळला. त्याच्या चादरी छबूबाईनं बदलल्या. तिसाव्या दिवशी बदलायची गरज राहिली नाही. तेव्हा स्टेपलर कुठला घ्यायचा हा प्रश्न प्रज्ञाला साधा खरेदीचा वाटत नव्हता. चुकला तर तिची छबूबाई मावशी जाणार, इतका तो सरळ होता.

तीन कंपन्यांची तीन माणसं बोलावली. एकाचा टाय लाल, एकाचा निळा, तिसऱ्याला टायच नव्हता. तिघांचीही अवजारं दिसायला सख्खी भावंडं. एक दांडा दाबला की लांब मानेच्या टोकाचा जबडा मिटायचा. दुसरा दाबला की कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना पिनांच्या ओळी बसायच्या, मधून पातं फिरायचं आणि खट्ट असा आवाज व्हायचा. पिना बारीक, मध्यम आणि जाड अशा तीन मापांच्या येत. डॉक्टर औटींनी मध्यम सांगितल्या, तिघांनाही त्याच.

"अन्ना, हे आपल्यावर बघता यायचं न्हाई," समितीचे दुसरे सभासद गोरक्षशेठ म्हणाले. ट्रस्टचे विश्वस्त व्हायच्या आधी गोरक्षशेठांचं टायर-ट्यूबचं दुकान होतं आणि त्यांचा जीव अजून तिथंच होता.

"का न्हाई?" अण्णा म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

शेवटी बोकडावर बघायचं ठरलं. मेलेल्या बोकडावर, हे प्रज्ञानं दोनदा विचारून घेतलं. बेलापूरच्या खाटकाकडे छबूबाईच गेली, कारण दुसऱ्या कुणाला नेमकं काय मागायचं ते सांगता येईना. खाटकाला स्वादुपिंड हा शब्द माहीत नव्हता. पण जठराच्या मागचा तो पिवळट पट्टा म्हटल्यावर त्याला लगेच समजलं. "ते व्हय? ते तर आमी कुत्र्याला टाकतो," म्हणाला आणि पाच बोकडांचे पाच पट्टे पिशवीत घालून दिले.

गळती कशी ओळखायची हे गोरक्षशेठांनी सांगितलं. "पंक्चर कसं बघत्यात? आत काय तरी भरायचं आन बाहीर येतंय का बघायचं. हवा भरा." हवा नको, पाणी भरू, आणि ते दिसावं म्हणून त्यात कपड्याची नीळ टाकू, असं प्रज्ञानं सुचवलं. पट्ट्याच्या मधून रसाची नळी जाते, तिच्यात बारीक सुई घालायची आणि निळं पाणी सोडायचं. पिनांच्या ओळीतून निळा थेंब आला की ते अवजार नापास.

मीटिंग हॉलच्या टेबलावर, रबरी कापडावर, स्टीलच्या ताटलीत बोकडांची स्वादुपिंडं मांडली. बाजूला चिवड्याच्या बश्या होत्या. त्या जरा लांब सरकवा, असं निळ्या टायवाल्यानं फार नम्रपणे सांगितलं.

लाल टायवाल्याचं अवजार अण्णांनी हातात घेतलं. जबडा मिटला, लगेच खट्ट. आवाज सुरेख आला. गोरक्षशेठांनी चष्मा लावला, सुईतून निळं पाणी सोडलं आणि नाकाला नीळ लागेपर्यंत वाकून बघितलं.

"गळतंय," ते म्हणाले. "तीन जागी."

निळ्या टायवाल्याचं अवजार गोरक्षशेठांनी घेतलं. त्यांनी तर टायर रिमवरून उतरवावं तसा जोर लावला. मिटलं, खट्ट, आणि चार जागी गळलं.

तेवढ्यात दाराजवळून आवाज आला, "माजं आसंच गळनार का?"

चहाचा ट्रे घेऊन छबूबाई उभी होती. गोरक्षशेठांनी चष्मा काढला.

"पेशंट कोन हाय?"

"मीच की."

"आन च्या?"

"च्या बी म्याच केलाय," छबूबाई म्हणाली आणि कप वाटायला लागली.

प्रज्ञानं खाली बघितलं, तर ताटलीत निळं तळं झालेलं. इतकी भीती तिला आपल्या बाळंतपणातही वाटली नव्हती.

"तिसरं सिस्टरच्या हातात द्या," अण्णा म्हणाले. "अवजार संभाळनार त्याच." प्रज्ञानं बिनटायवाल्याचं अवजार घेतलं, पट्टा जबड्यात बसवला आणि दांडा दाबून जबडा मिटला. आता दुसरा दांडा दाबणार, तोच दारातून साप्ताहिकाचा फोटोग्राफर आत आला. त्याला तासभर उशीर झाला होता. त्याला बघताच अण्णा उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "फोटो हुतोयच, तर दोन शब्द बोलतो."

अण्णांच्या दोन शब्दांचा एक कायदा होता, आणि तो हॉस्पिटलात सगळ्यांना पाठ होता. मधे कुठं आवाज झाला, कुणी खोकलं, भांडं वाजलं, की अण्णा थांबायचे, आवाजाच्या दिशेला बघायचे आणि 'सन्माननीय व्यासपीठ'पासून पुन्हा सुरू करायचे. थिएटरच्या एसीच्या उद्घाटनाला प्रज्ञाच्या हातून अवजारांचा किडनी ट्रे पडला होता. त्या दिवशी पाहुण्यांना दुपारचं जेवण साडेतीनला मिळालं आणि एक उपसभापती चक्कर येऊन पडले. तेव्हापासून अण्णा बोलायला उठले की लोक चमचासुद्धा कपाला लागू देत नसत.

आणि स्टेपलर तर खट्ट वाजणारा. प्रज्ञा मिटलेलं अवजार हातात धरून पुतळ्यासारखी उभी राहिली.

अण्णांनी सहकार सांगितला, ऊस सांगितला, विज्ञान सांगितलं. दीड मिनिटावर लाल टायवाल्याच्या कमरेचा पेजर वाजला. अण्णा थांबले. त्यांनी त्या कमरेकडे बघितलं. "सन्माननीय व्यासपीठ," ते म्हणाले, आणि सहकार, ऊस, विज्ञान सगळं पुन्हा आलं. प्रज्ञाचा अंगठा बधिर झाला. टाळ्या वाजल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं उलटून गेली होती. मग तिनं दुसरा दांडा दाबला. खट्ट.

गोरक्षशेठांनी पाणी सोडलं. थेंब नाही. आणखी सोडलं. पट्टा टम्म फुगला, पण पिनांच्या ओळीतून टिपूस आलं नाही.

"पास!" गोरक्षशेठ ओरडले. "ह्याला म्हंत्यात माल!"

बिनटायवाल्याला स्वतःला काही विश्वास बसत नव्हता, पण त्यानं नारळ घेतला. डॉक्टर औटींनी लगेच सही केली आणि ओपीडीत पळाले. समिती खूश, अण्णा खूश. फोटोत सगळे हसतायत आणि मधे ताटली आहे.

प्रज्ञा मात्र अवजारं घेऊन धुण्याच्या खोलीत आली ती विचारातच. दोन पट्टे उरले होते, आणि अवजारात भरायच्या पिनांच्या दोन डब्या: एक बिनटायवाल्याची, एक निळ्या टायवाल्याची. तिनं दार लोटलं. आधी पास झालेलं अवजार घेतलं, जबडा मिटला आणि लगेच दाबलं. छबूबाईनं नीळ सोडली. पाच जागी गळलं.

"आत्ता तर पास झालं हुतं!" छबूबाई म्हणाली.

प्रज्ञानं मग नापास झालेलं अवजार घेतलं. जबडा मिटला आणि घड्याळ बघत उभी राहिली. चार मिनिटं. छबूबाई स्टुलावर बसून होती. मग खट्ट. नीळ सोडली. टिपूस नाही.

दोघी त्या कोरड्या ओळीकडे बघत राहिल्या.

"आवो, चक्का कसा करत्यात?" छबूबाई म्हणाली. "दही फडक्यात बांधून मुठीनं पिळलं तर फडक्यातनं भाईर येतं. टांगून ठिवलं की पानी आपसूक जातंय आन चक्का घट्ट बसतोय. हे बी तसंच हाय. कंपनी कुटली का आसंना."

"चार मिनिटं," प्रज्ञा म्हणाली.

"आपला डाक्टर चार मिंटं थांबतोय व्हय?" छबूबाईनं विचारलं, आणि दोघींचेही चेहरे पडले.

प्रज्ञा डॉक्टरांकडे गेली. नीळ सांगितली, घड्याळ सांगितलं, फक्त चक्का तेवढा सांगितला नाही. डॉक्टरांनी एका हातानं एक्स-रे बघत, दुसऱ्यानं प्रिस्क्रिप्शन लिहीत ऐकलं.

"सिस्टर, कंपनीच्या पुस्तकात पंधरा सेकंद लिहिलंय."

"सर, पण आम्ही करून बघितलं..."

"बरं. बघू."

डॉक्टरांचं 'बघू' प्रज्ञाला चांगलं ठाऊक होतं. आणि त्यांचे पंधरा सेकंदही. एक-दोन-तीन म्हणायला लागले की पंधरा पाच सेकंदांत यायचे. पुन्हा बोलावं, तर ऐन ऑपरेशनच्या तोंडावर सर्जनला चिडवून ठेवायचं आणि मावशीला त्याच्याच हातात द्यायचं. तिसऱ्या दिवशी तिनं इस्त्रीची साडी नेसली आणि ती अण्णांकडे गेली.

"अण्णा, हे असं ऑपरेशन आपल्याकडं पहिलंच. अवजार आपण पास केलेलं. तर ते चालायच्या वेळी आपले दोन शब्द थिएटरमध्येच व्हावेत, असं आम्हां सगळ्यांना वाटतं."

अण्णांनी टोपी नीट केली. बावीस वर्षांत ऑपरेशन चालू असताना थिएटरच्या आत त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"आत बोललेलं चालतं?"

"मी हात वर केला की सुरू करायचं. पेशंटजवळ यायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. आणि अण्णा, नेहमीसारखं सविस्तर."

"सविस्तरच करतो मी," अण्णा म्हणाले.

डॉक्टर औटींना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. पण अध्यक्षांना नाही म्हणायचं कुणी? चार जानेवारीला सकाळी दहा वाजता अण्णा हिरवा झगा, टोपी, मास्क आणि दुसऱ्याच्या स्लिपरा घालून थिएटरच्या भिंतीला टेकून उभे राहिले. आणलेली शाल आणि नारळ प्रज्ञानं बाहेरच्या स्टुलावर ठेवायला लावले होते.

छबूबाई टेबलावर आडवी होती. ती वर बघत होती.

"हे दिवं खालनं कदी बघितलं नव्हतं," ती म्हणाली. "वरनं पुसतो आपन. खालनं धूळ हाय."

"मावशी, गप्प पडा."

"बरी झाले का पुसते," छबूबाई म्हणाली. तिनं प्रज्ञाचा हात धरला होता. भूल चढली तेव्हा तो सुटला.

डॉक्टरांचा हात चालू झाला. चार भोकं, दुर्बीण, आणि टीव्हीच्या पडद्यावर मावशीच्या आतला गुलाबी-पिवळा मुलूख. रक्तवाहिन्या सुट्या झाल्या, स्वादुपिंडाचं शेपूट मोकळं झालं, गाठ दिसली. तासाभराच्या कामाला चाळीस मिनिटं लागली. "स्टेपलर," डॉक्टर म्हणाले. प्रज्ञानं दिला. लांब मान आत गेली, जबडा उघडला, मऊ पिवळ्या मांसाला धरून मिटला. "एक-दोन-तीन-चार..." डॉक्टरांची आगगाडी सुटली. प्रज्ञानं हात वर केला.

"सन्माननीय व्यासपीठ," अण्णा म्हणाले.

डॉक्टर थबकले. मास्कवरून त्यांचे डोळे असे पेटले की दिवा कमी पडावा. पण अण्णा बोलत होते, आणि स्टेपलर खट्ट वाजणारा होता, आणि कायदा डॉक्टरांनाही पाठ होता. ते जबडा मिटून उभे राहिले. प्रज्ञानं घड्याळ बघितलं.

"आज या ठिकाणी," अण्णा म्हणाले, "सहकाराच्या..." आणि त्यांची नजर पडद्यावर गेली. पडद्यावर छबूबाईचं पोट आतून हलत होतं. काळजाच्या ठोक्याबरोबर सगळंच हलत होतं. अण्णांनी पडद्याकडे बघितलं, मग टेबलावर हिरव्या कापडाबाहेर राहिलेल्या पायांकडे. टाचा भेगाळलेल्या होत्या.

अण्णा गप्प झाले.

बावीस वर्षांत अण्णांना शब्द सापडला नाही असं झालं नव्हतं, ते नेमकं आज झालं. घड्याळात पंचेचाळीस सेकंद झाले होते. पन्नास. अण्णा आ वासून उभे. डॉक्टरांचा हात दुसऱ्या दांड्याकडे सरकला. 'सर, थांबा' असं म्हणायला प्रज्ञानं तोंड उघडलं, आणि तिला दिसलं की ते ऐकणार नाहीत. तिच्या मनात एकच आलं, तिसाव्या दिवशीची ती चादर.

तिनं कोपरानं किडनी ट्रे ढकलला.

स्टीलचा ट्रे फरशीवर असा आदळला की भूल देणारे डॉक्टर स्टुलावरून उठले. अण्णा दचकले. त्यांनी आवाजाच्या दिशेला बघितलं. आणि बावीस वर्षांची सवय कुठं जाते?

"सन्माननीय व्यासपीठ," अण्णांनी पहिल्यापासून सुरू केलं. डॉक्टरांचा हात जागच्या जागी थांबला.

या वेळी त्यात सहकार नव्हता. "छबूबाई," अण्णा म्हणाले आणि घसा खाकरला. "हिचं आडनाव मला ठावं न्हाई. दवाखाना उघडला त्या दिवशी पाहुन्यांना च्या हिनं दिला. मला बिनसाखरंचा लागतो, हे मी तिला कदी सांगितलं न्हाई. तिला कसं कळलं, म्हाईत न्हाई. माजी मंडळी हितं आडमिट हुती, तवा शेवटचं पानी हिनं पाजलं. मी मुंबईला मीटिंगला हुतो." मधे ते थांबले, पण या वेळी शब्द सापडेना म्हणून नव्हे, हे सगळ्यांना दिसत होतं. पुढं त्यांनी एक-एक सत्कार आठवून सांगितला, कुणाकुणाला शाल दिली ते, आणि प्रत्येकाच्या शेवटी "च्या हिनंच केला हुता" असं म्हणाले. त्यांचा मास्क ओला झाला होता.

पडद्यावर जबड्याच्या कडांनी थेंब-थेंब पाणी सुटत होतं. मऊ मांस दबून, कागदासारखं नाही म्हणता येणार, पण पुठ्ठ्यासारखं सपाट होत चाललं होतं. डॉक्टर औटी आता अण्णांकडे बघत नव्हते. ते पडद्यावरच्या त्या मांसाकडे बघत होते. सव्वातीन मिनिटांवर त्यांनी मिटायचा दांडा हलकेच दाबून बघितला, तर जबडा आणखी एक खाच मिटला, काही जोर न लावता. त्यांनी मान वर करून प्रज्ञाकडे बघितलं. मग पुन्हा पडद्याकडे बघितलं आणि थांबले. आपण होऊन थांबले.

"एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो," अण्णा म्हणाले. टाळ्या कशा वाजवणार? सगळ्यांचे हात निर्जंतुक होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी एकट्यांनी दोनदा वाजवल्या.

खट्ट.

ओळ कोरडी होती.

पोटात एक नळी ठेवली होती, रस गळला तर बाहेर दिसावा म्हणून. प्रज्ञानं तिची बाटली दिवसातून आठ-दहा वेळा उचलून उजेडात धरली. पहिल्या दिवशी लालसर, दुसऱ्या दिवशी फिकट. तिसऱ्या दिवशी तपासणीला पाठवली. रस नाही असा रिपोर्ट आला. तो कागद घेऊन ती धुण्याच्या खोलीत गेली, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडली. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी नळी काढली. काढताना त्यांनी प्रज्ञाला विचारलं, "सोमवारी एक केस येतेय अशीच. अण्णांना वेळ आहे का?"

"घड्याळ आहे, सर."

"बरं. बघू," डॉक्टर म्हणाले, आणि या वेळी घड्याळाकडे खरंच बघितलं.

दुपारी छबूबाई उशीला टेकून बसली होती. उशाशी घडी न मोडलेली शाल आणि नारळ होता. तिनं नारळ कानाशी धरून हलवला, पाणी आहे याची खात्री केली आणि खाली ठेवला.

"अन्ना माज्याबद्दल बोलले म्हनं. काय बोलले?"

प्रज्ञा कॉटेच्या कडेला बसली आणि तिनं सगळं सांगितलं. बिनसाखरेचा चहा सांगितला, अण्णांच्या मंडळींचं शेवटचं पाणी सांगितलं, सत्कार एकामागून एक सांगितले. छबूबाई खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्या बघत ऐकत होती. तिनं पदरानं एकदा डोळे पुसले, एकदा नाक.

"किती मिंटं झाली?"

"सगळी धरून सव्वापाच."

छबूबाईनं मान हलवली. मग म्हणाली,

"बेशुद्ध आसताना सत्कार केला ते बरं झालं, पोरी. जागी आसते, तर मदीच च्या टाकायला उटावं लागलं आसतं."